साखरबाई जामीन राहिली

गावाचं नाव मी सांगणार नाही. बोईसरकडच्या घिवलीपासून फार लांब नाही, एवढं पुरे. लाज वाटायची ती मला वाटायला हवी, गावाला कशाला?

साखरबाई पहिल्यांदा भेटली ती एक्याऐंशी साली, बेटेगावच्या आमच्या भाड्याच्या खोलीत. डोक्यावर मासळीची पाटी, कमरेला आवळून नेसलेलं लुगडं आणि तोंड असं, की समोरच्याला बोलायला जागाच उरू नये. आम्ही कराडकडची माणसं. माझा नवरा वामन बोईसरच्या एका कारखान्यात फिटर, आणि मला मासा धड धरतासुद्धा येत नव्हता. तिने माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि हसत हसत माझी यथेच्छ अब्रू काढली. त्या दिवसापासून आमचं जमलं.

वामनला समुद्राकाठी घर हवं होतं. चोविसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता ना, म्हणून हा सोस! मी साखरबाईला सहज विचारलं, तर तिने पाटी खाली ठेवली आणि माझी शाळाच घेतली. चार भिंती काय, कुठेही मिळतात म्हणाली, आधी वस्ती बघायची. नुसतं म्हणाली नाही. स्वतःचा धंदा सांभाळून तिने वर्षभर आम्हाला किनाऱ्यावरची चार गावं हिंडवली. विहिरीवर उभं करून पाणी प्यायला लावलं. कोण पिऊन बायकोला मारतो, कुणाची सून माहेरी का गेली, सगळं सांगितलं. एका गावात मयत झालं होतं, तर मुद्दाम तिथे नेलं. मयताच्या दिवशी किती होड्या किनाऱ्यावर थांबतात ते बघा, तिथे गाव कळतं, असं तिचं म्हणणं.

स्वतःचं गाव तिने सगळ्यात शेवटी दाखवलं. आपल्या ताकाला आंबट कोण म्हणतो, म्हणून आधी दुसऱ्यांची बघून घ्या म्हणे. तिथलंच घर आम्हाला आवडलं. पुढे वाळूचा पट्टा आणि त्यावर तिच्यासकट अकरा घरांच्या वलांडी. वलांडी म्हणजे बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्या, त्यांवर बोंबील वाळत टाकतात. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेव्हा याच सुक्या मासळीवर घर चालतं. आम्ही घर पाहिलं ते पावसाळ्यात. तेव्हा पट्टा रिकामा होता. पण साखरबाईने आम्हाला दिवाळीनंतर पुन्हा बोलावलं आणि भर उन्हात वलांडीखाली उभं केलं.

"आता श्वास घे. हा वास हाय ना, तो आमचा भात हाय. नाय जमत तर आताच सांग."

जमेल म्हणालो. दोघंही म्हणालो. वामनने तर तिच्या ओट्यावर बसून भाजलेल्या बोंबलाबरोबर तीन भाकऱ्या हाणल्या.

त्या गावात परक्याला घर मिळायचं तर गावातल्या कुणीतरी जामीन राहायला लागे. कागद नाही, सही नाही. गावकीच्या बैठकीत उभं राहून सांगायचं, की ही माणसं माझी. पुढे ती गावात असेपर्यंत त्यांनी काही वाकडं केलं तर जाब त्यांना नाही, जामिनाला. साखरबाई उभी राहिली. घर माझ्या नावावर झालं.

नऊ वर्षं तिने आम्हाला काही कमी पडू दिलं नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत पहिल्या पंधरा दिवसांची चूल तिनेच सांभाळली. माझ्या सख्ख्या बहिणीला यायला सवड झाली नव्हती!

मग बंगले उठले. शेजारचा बंगला वामनच्याच साहेबांचा. साहेबांना वास सहन होईना. त्यांनी अर्ज तयार केला, वलांडीमुळे माशा होतात, रोगराई पसरते, वगैरे. बंगलेवाल्यांनी सह्या ठोकल्या, पण साहेबांना वस्तीत जुनं राहिलेलं कुणीतरी हवं होतं. म्हणजे मी. वामनच्या बढतीचं तेव्हा अडलं होतं. त्याने नुसता पेन उघडून पुढे धरला. त्याच्या डोक्यावर सगळं खापर फोडून मी मोकळी होईन, पण खोटं कशाला बोलू? माहेरचे पाहुणे आले की नाकाला पदर लावत, तेव्हा मलाही मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी सही केली.

महिन्याभरात सरकारी माणसं आली आणि बांबू उपटून गेली. खाडीच्या तोंडाशी थोडी जागा उरली, तीही अकरा घरांना पुरेना. मग गावकी बसली. घरी बसवेना म्हणून मीही गेले आणि बायकांच्या मागे उभी राहिले. कुणी हटकलं नाही. कुणी सरकून जागाही दिली नाही.

गावचे पाटील दामू यांनी साखरबाईला एकच विचारलं, की ही माणसं तू पारखून आणली होतीस ना? मला वाटलं, आता ती माझ्याकडे बोट दाखवील, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करील. केला असता तर बरं वाटलं असतं मला.

"वस्ती मी त्याना दाखवली," ती म्हणाली. "चार गावं हिंडवली. त्यांची वस्ती बगायला मी कदी गेली नाय. चूक माजी हाय."

खाडीकडची जागा दहा घरांत वाटली गेली. अकरावं घर साखरबाईचं, जामिनाचं. तिला काही मिळालं नाही. अर्जावरची सही मागे घेते, माझ्या अंगणात वलांडी रोवा, एवढं तरी मला म्हणता आलं असतं. बैठकीत बोलायला मला कुणी बंदी केली नव्हती. मी घरी आले आणि भात टाकला.

वाळवायला जागा नाही म्हटल्यावर धंदा बसला. पंचावन्न वर्षांची ती बाई रोज सकाळी बोईसरला कारखान्यात खोकी भरायला जायला लागली. आमच्या दारावरूनच जायची. कधी मान वळवून बघितलं नाही.

आणि एवढं करून आम्ही तिथे राहिलो किती? दीड वर्ष. वामनला बढती मिळाली ती गुजरातेत. घर विकलं. सामान टेम्पोत चढवताना गावातलं एक माणूस आलं नाही. साखरबाई मात्र आली. हातात डब्याची पिशवी घेऊन कुंपणाशी उभी राहिली. वेडी मी! मला वाटलं, निरोप द्यायला आली. मी धावत जाऊन तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. शेवटचं खोकं चढेपर्यंत ती तशीच थांबली, आणि दाराला कुलूप लागलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"आता सुटली मी," ती म्हणाली, आणि कामाला उशीर होत होता म्हणून भराभर चालू लागली.