पदरची छत्री

पुण्यातल्या एका छापखान्यात चारुदत्त खऱ्यांनी एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या मजकुरात आपला एक शब्दही घालायचा नाही, हा त्यांचा बाणा. पत्नी मनोरमा गेल्यावर, २००९ सालच्या सुरुवातीला, मुलगा गंधार त्यांना परदेशी, जॉन्सनव्हिलला आपल्याकडे घेऊन आला. गंधार आणि सून राजश्री नोकरीवर, नात अनुष्का शाळेत; दिवस खायला उठायचा. मग राजश्रीने त्यांना कंप्युटरवर शेजारच्या ऑस्ट्रेलियातली जुनी वर्तमानपत्रं उघडून दिली. शंभर-शंभर वर्षांपूर्वीची पानं, घरबसल्या! खऱ्यांना घबाडच सापडलं.

कुठे बकरीने पोस्टमास्तरांची पत्रं खाल्लेली, कुठे पहाटे आरवणाऱ्या कोंबड्यापायी शेजारी कोर्टात गेलेले. दर बुधवारी सकाळी जवळच्या हॉलमध्ये म्हातारी मंडळी चहाला जमत. तिथे खरे या बातम्या गोष्टीसारख्या सांगू लागले. इंग्रजी अडखळतं, पण सांगण्याची हातोटी होती. "चारू, आज काय आणलंस?" असं लोक आपणहून विचारू लागले, तेव्हा त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं.

एका बुधवारी त्यांनी १९११ सालची बातमी काढली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या एका लहानशा गावात, आल्बर्ट फेनिक नावाचा सुतार फर्निचरच्या दुकानात मागच्या दाराने शिरला आणि काचेआड मांडलेल्या पितळी पलंगावर बूट काढून झोपी गेला. सकाळी रस्त्यावर ही गर्दी! न्यायाधीशाने दंड केला. बातमी एवढीच, बारा ओळींची. पण हॉलमधली मंडळी हसू लागली आणि खऱ्यांना चेव आला. त्यांनी आल्बर्टला घोरायला लावलं. मग त्याच्या बायकोला छत्री घेऊन दुकानात आणलं आणि तिच्या हातून भर बाजारात बदडवलं. लोकांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

चहाची किटली सांभाळणारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बेरिल तेवढी हसली नाही. सगळे पांगल्यावर, कप विसळता विसळता ती म्हणाली, "ते माझे आजोबा."

खऱ्यांना आधी नीट कळलंच नाही.

"माझी आई तेव्हा सहा वर्षांची होती. आजी आठ दिवसांपूर्वीच गेली होती. घरच्या बिछान्यावर त्यांना झोप येईना. तो पलंग आजीला फार आवडायचा, पण त्यांना तो कधी घेता आला नाही. त्या बातमीनंतर गावातली पोरं त्यांच्यामागे घोरल्याचे आवाज काढत फिरायची. म्हणून ते मुलीला घेऊन समुद्रापलीकडे, इकडे आले." तिने कप पालथा घातला. "छत्रीचं मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. पेपरात आहे?"

"आहे," खरे बोलून गेले.

घरी येईपर्यंत त्यांचे कान तापले होते. एक खोटं हसवण्यासाठी, दुसरं स्वतःला वाचवण्यासाठी. पुढच्या बुधवारी त्यांनी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. त्या दिवशी सुट्टीवर असलेल्या अनुष्काने पटकन म्हटलं, "आजोबा, यू वॉक्ड टू द डेअरी यस्टरडे!" डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान; काल ते तिथवर चालत गेलेच होते. त्यांना नातीच्या तोंडाकडेही बघवेना.

राजश्रीने संध्याकाळी विचारलं, "बाबा, काय झालंय?" तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. "अगं, मनोरमा गेल्यावर चार महिने मी पुण्याच्या घरी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपत होतो. मला कळायला नको होतं?"

राजश्री म्हणाली, "त्यांना सांगायला हवं, बाबा. मी सोडते तुम्हाला."

जाण्यापूर्वी खऱ्यांनी तेच वर्तमानपत्र आठ दिवस मागे जाऊन चाळलं. चार ओळींची मृत्यूची नोंद सापडली: मेरी फेनिक, वय एकोणतीस. जुन्या छापील पानावरची अक्षरं ओळखताना यंत्राने नाव भलतंच वाचलं होतं. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून दुरुस्त केलं आणि कागदावर छापून घेतलं.

बेरिलने दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. खरे दारातच म्हणाले, "छत्री पेपरात नव्हती. ती मी घातली. आणि तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खोटं बोललो."

"लोक त्यालाच सर्वांत जास्त हसले," बेरिल म्हणाली.

"हो."

"मग हे त्यांना सांगा. मला एकटीला सांगून काय उपयोग?" तिने कागद घेतला, आजीचं नाव वाचलं, आणि दार लावून घेतलं.

बुधवारी खरे हॉलमध्ये उभे राहिले. त्यांनी बारा ओळी होत्या तशा वाचल्या, मग आपण काय काय जोडलं ते सांगितलं, मग मेरी फेनिकची नोंद वाचली. आल्बर्ट कोणाचे आजोबा हे मात्र सांगितलं नाही. ते बेरिलने स्वतःच, बसल्या जागेवरून सांगितलं. कोणी हसलं नाही. एकजण म्हणाला, "इट्स ऑल राइट, चारू." इतक्या सहज मिळालेल्या माफीने ते आणखीच ओशाळले.

बेरिल उठून किटलीकडे गेली. चहा तिने त्यांना सगळ्यांसारखाच दिला, आणि खरे परत भारतात जाईपर्यंत दर बुधवारी देत राहिली. आजोबांचा विषय पुन्हा तिने काढला नाही, की खऱ्यांना विचारायचा धीर झाला नाही.