दयेने पास

शमिका दुसरीत असताना, दोन हजार पाचच्या जुलैत, संगमेश्वराकडच्या तिच्या वाडीत नदी शिरली. घरं गेलेली माणसं शाळेत राहायला आली. माणसं गेली तर वर्गात मदतीची पोती येऊन बसली. गुरुजी पंचनामे करत फिरले. वर्ष संपताना सगळे म्हणाले, बिचाऱ्या पोरांची कसली परीक्षा घ्यायची? चढवा वर! पुढच्या वर्षीही तेच. जोडाक्षरं राहिली, भागाकार राहिला, दया मात्र दरसाल हजर. असली दया कुत्र्यापुढे टाकली तर तेही हुंगून निघून जाईल. सातवी झाली आणि तालुक्याच्या शाळेत पहिल्याच चाचणीत शमिका उघडी पडली. दप्तर कोनाड्यात गेलं.

लग्न गावातच, वरच्या वाडीत झालं. नवरा मुंबईला. शमिका बारा वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडते. टरफलातल्या चिकाने बोटांची सालं निघतात. मालकाने एकदा तिला पॅकिंगला बसवलं होतं. पिशव्यांवरची नावं वाचता येईनात, तुकडा काजू अख्ख्याच्या खोक्यात गेला. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा बिया फोडायला बसली.

गेल्या पावसात दरड आली. पुन्हा शाळेत माणसं, पुन्हा पोती. दुसरीतली तिची सानवी वर्षाच्या शेवटीही 'घर' या शब्दाशी अडखळत होती. शमिकाने ठरवलं, पोर वर्षभर मागे राहिली तरी चालेल, पण वाचायला शिकल्याशिवाय वर जाणार नाही.

मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावलं. नवे होते, गोड बोलायचे. "बिचाऱ्या पोरांनी काय काय पाहिलं! वर्ष वाया जाऊ देणार नाही आपण." त्यांनी छापील कागद वाटले: चाळीस दिवस उजळणीचे वर्ग झाले, मुलाला सगळं येतं, पालकांचं समाधान आहे. वर्ग चार दिवससुद्धा झाले नव्हते. शेजारच्या जनीने हळूच वाचून सांगितलं आणि शमिकाला शिसारी आली. तोच 'बिचारी' शब्द, तीच दया, वीस वर्षांनी तिच्या पोरीच्या वाट्याला!

बाकीच्या बायका मुकाट्याने सह्या करत होत्या.

"वाचा नि सही करा, वहिनी," मुख्याध्यापक म्हणाले.

शमिकाने कागद त्यांच्यापुढे सरकवला. "तुमीच वाचा मोठ्यान. मना वाचता येत नाय."

"अरेरे. शाळेत गेला नाहीत कधी?"

"गेलंय की. ह्याच शाळेत. सातवी पास हाय मी."