सुई-दोरा आणि मोठ्या जाऊबाईंचा पाय

चैत्रात आमच्या गल्लीतल्या बायका पंचवटीतून वणीच्या गडावर पायी जातात. दोन-तीन दिवस लागतात. मी घरी साड्यांना फॉल लावते, त्यामुळे पिशवीत सुई-दोरा असतोच. एका वर्षी कुणाच्या तरी टाचेचा फोड मी सुईने मोकळा केला आणि तेव्हापासून सगळ्यांचे पाय माझ्याच मांडीवर येऊ लागले. सुई मेणबत्तीवर धरायची, फोडाच्या एका कडेने आत घालून दुसऱ्या कडेने काढायची, दोरा आतच ठेवायचा. पाणी दोऱ्याने झिरपून जातं, वरची कातडी राहते. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे, पण करायचं मात्र मीच. नवे चपला-बूट यात्रेसाठी मुद्दाम विकत घ्यायचे, ते त्याच दिवशी पहिल्यांदा घालायचे आणि दिंडोरी यायच्या आत रडायचं. असं करू नका, दर वर्षी सांगते. मी हळू बोलते, म्हणून कुणी ऐकत नसावं.

मागच्या वर्षी माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या. सुनेचं बाळंतपण सुखरूप झालं तर अनवाणी येईन, असा त्यांचा नवस होता. त्यांना बारा वर्षांपासून साखरेचा आजार. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर पायाचं चित्र होतं आणि मराठीत स्वच्छ लिहिलं होतं की अनवाणी चालू नये, रोज तळवे बघावेत. मी चौथी शिकलेली, मला वाचता आलं. त्यांनी तो कागद मिसळणाच्या डब्याखाली अंथरला होता. मी एकदा आठवण करून दिली, तर म्हणाल्या की देवीच्या वाटेत डॉक्टर आणू नकोस. मी गप्प बसले. त्याचाच मला अजून राग येतो.

पहिला दिवस त्या सगळ्यांच्या पुढे. डांबर तापलेलं, बाकीच्या बायका सावली शोधत कडेने चालत होत्या आणि या मधोमध. मुक्कामाला सगळ्यांनी माझ्यापुढे पाय पसरले, यांनी नाही.

"मला एक फोड नाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तुम्ही चपला घालून कण्हताय."

बायकांनी हात जोडले. देवीची कृपा म्हणाल्या. मी दुसरीच्या फोडात दोरा ओवत होते, मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिंडोरीच्या पुढे एका शाळेच्या ओट्यावर चहाला थांबलो. जाऊबाई ओट्यावरून पाणी प्यायला गेल्या आणि फरशीवर मागे लाल ठसे उमटले. एकाच पायाचे. कुणाचं तरी कुंकू सांडलं असेल, असं त्याच म्हणाल्या. मी तांब्याभर पाणी घेऊन त्यांचा पाय धुतला. अंगठ्याच्या खाली बाभळीचा काटा आत मोडला होता आणि भोवतालची कातडी पांढरी पडून सुटली होती. मी कडेला बोट दाबलं.

"लागतंय का, ताई?"

"कुठं?" त्यांनी विचारलं.

काटा कधीचा आत होता, त्यांनाही ठाऊक नव्हतं. बायका मात्र जोरात. एकीने हळद काढली, एक म्हणाली दोरा ओव, एक म्हणाली अर्ध्यावर नवस मोडला तर बाळाला बाधेल. हे शेवटचं ऐकून जाऊबाई उठल्याच.

मी त्यांचा पदर धरला. आजवर चारचौघांत माझा आवाज चढला नव्हता, तेव्हा चढला.

"खाली बसा. तुम्ही एसटीने वणीला जा, डॉक्टरला पाय दाखवा. राहिलेलं मी अनवाणी चालते."

"तुझे पाय अन् माझा नवस? देवीला काय सांगू?"

"सांगा, घरातलेच पाय आहेत."

त्यांनी वाकून माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "काढ तर मग चप्पल. बघू दे मला."

मी काढली. त्यांचा पाय माझ्या धुतलेल्या साडीच्या तुकड्याने बांधला आणि गुडघे सुजलेल्या एका मावशीबरोबर त्यांना एसटीत बसवलं. मावशीला दोनदा बजावलं की आधी दवाखाना. पुढची वाट मी कशी चालले ते लिहीत नाही. एवढंच लिहिते की माझे फोड त्या बायकांनी ओवले, आणि एकीलाही सुई धड धरता येत नव्हती.

वणीच्या डॉक्टरांनी काटा काढला. आणखी एक दिवस चालल्या असत्या तर अंगठा गेला असता, असं त्यांनी मावशीला सांगितलं. फोडात दोरा ठेवायलाही ते नको म्हणाले, त्याने जखम चिघळते. मावशीने हे मला सगळ्यांसमोर सांगितलं, जणू मी हौसेने ओवत होते.

जखम भरायला तीन महिने लागले. दर दोन दिवसांनी ड्रेसिंगला मीच नेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगायच्या की अंगठा देवीने वाचवला. मी चहा ठेवायला आत जायचे.

आता रोज दिवेलागणीला त्या खाटेवर बसून माझ्याकडे पाय करतात.

"बघ गं, काही आहे का?"

मी चष्मा लावून बोटांच्या बेचक्यांपर्यंत सगळं बघते. काल टाचेला एक भेग होती. तेल लावून मोजा चढवला. त्यांनी तो गरम होतो म्हणून लगेच काढला आणि मी पुन्हा घातला.