साडूंचा शेवटचा गिअर

झिजणाऱ्या वस्तूवर इतकी माया करणारा दुसरा माणूस तळेगावपासून खंडाळ्यापर्यंत सापडणार नाही, असं मी आमच्या थोरल्या साडूंबद्दल शपथेवर सांगायला तयार आहे. बँकेतून निवृत्त झालेले लोक फिरायला जातात, देवळात जातात, नाही तर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. साडूंनी लोणावळ्यात तुंगार्लीतल्या घरी रिमोटवर चालणारी मोटार आणली. खेळण्यांच्या दुकानातली नव्हे. हातभर लांब, नायट्रोच्या इंधनावर चालणारी, खरं इंजीन असलेली, खरा धूर सोडणारी आणि सुरू झाली की शेजारच्या बंगल्यातल्या पाहुण्यांची दुपारची झोप उडवणारी. बाकीचे शौकीन अशी मोटार पळवतात, साडू ती जपतात. त्यातही इंजीन आणि टायर यांना त्यांच्या लेखी फारसा मान नाही. सगळा जीव गिअरच्या दात्यांत.

त्यांनी मला जेवताना अनेकदा समजावलेलं सांगतो. इंजिनाच्या बाजूला एक छोटा पोलादी गिअर असतो आणि त्याला भिडलेला एक मोठा प्लास्टिकचा. दोघं फार घट्ट भिडले की तापून झिजतात, सैल राहिले की दाते उडतात. मध्ये कागदाच्या जाडीइतकीच फट हवी. म्हणून दोघांमध्ये कागदाची पट्टी धरायची, स्क्रू आवळायचे आणि पट्टी ओढून काढायची. आता कागद कोणता? वर्तमानपत्र, विजेचं बिल, सख्ख्या पुतण्याची लग्नपत्रिका, सगळं वापरून त्यांनी नापास केलं. शेवटी चिक्कीच्या खोक्यातला पातळ कागद पसंत पडला. तेव्हापासून त्यांच्या घरी चिक्की येते ती कागदासाठी. "घ्या हो, संपवा, मला पट्टी कापायचीय," असा आग्रह करणारा यजमान मी दुसरीकडे पाहिलेला नाही. "दुकानात नुसता कागद मागून बघा की," असं मी एकदा सुचवलं. साडू दुखावले. "चिक्कीच्या वजनाखाली राहिलेला कागद वेगळा असतो. तुम्हाला नाही कळायचं," म्हणाले. मला खरोखरच कळलं नाही, पण शेंगदाण्याची चिक्की उत्तम होती.

भात निघालं की दर रविवारी आम्ही तिकोणा पेठेला जायचो. तिथे आबांचं खाचर. आबा म्हणजे साडूंचे बँकेतले जुने खातेदार. त्यांनी कोरडं खाचर आम्हाला खुशाल वापरू दिलं होतं. साडूंनी तिथे मातीचा एक उंचवटा केला होता आणि त्यावरून मोटार उडाली की जमिनीला टेकायच्या आत रिमोटचा खटका सोडायचा, असा दंडक होता. नाही तर चाकांचा सगळा हिसका दात्यांना बसतो. मी चालवायला घेतली की "सोडा! अहो, सोडा!" असं ते ओरडायचे, जणू मी कुणाचा गळाच धरलाय. मग रिमोट काढून घेतला जायचा आणि टूथब्रशने दाते घासले जायचे. स्वतःचे दात त्यांनी कधी इतक्या निगुतीने घासले नसतील. आबा बांधावर बसून हे सगळं टक लावून बघायचे आणि निघताना हळूच विचारायचे, "सायेब, येकडाव आमी चालवू का?"

"आबा, दाते जातील हो."

"बरं, ऱ्हाऊ द्या मंग."

एका रविवारी आम्ही ओढ्यावर हात-पाय धुवायला गेलो होतो. गिअर जरा किरकिरत होता, तो आवाज आबांनी ऐकलेला. आम्ही परत येईपर्यंत त्यांनी घरातून बैलगाडीचं वंगण आणून दोन्ही गिअरना मायेने चोपडलं होतं. इतकं काळंभोर वंगण की दाते दिसेनात. आता हे गिअर उघडे आणि त्यांना तेलाचं बोटसुद्धा लावायचं नसतं, कारण धूळ चिकटते. आबांनी वरचं झाकण पुन्हा नीट बसवलेलं, त्यामुळे साडूंना ते दिसलंच नाही, त्यांनी मोटार सोडली. दोन चकरांत खाचराची माती त्या वंगणात कालवली गेली आणि प्लास्टिकचे दाते पीठ होऊन गळले. साडूंनी ते पीठ चिमटीत उचलून बघितलं. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलेलं. घरी आता तात्पुरता चालेल असा एक झिजका आणि एक कोरा, एवढे दोनच गिअर उरले होते.

"आबा, याला कोरडंच ठेवायचं असतं," एवढंच ते म्हणाले.

"आमाला काय ठावं, सायेब? गाडीचा आस कोरडा दिसला तर बा पाठ सोलायचा आमची."

त्यानंतर आबांनी रिमोट कधी मागितला नाही. बांधावरही जरा लांबच बसू लागले. मला ते बघवत नसे.

यंदा आबांच्या पुतण्याने खाचरात पर्यटकांसाठी तंबू टाकायचं ठरवलं. शेवटच्या रविवारी साडूंनी तो शेवटचा कोरा गिअर बसवला, चिक्कीचा कागद घातला, काढला, इंजीन सुरू केलं आणि सरळ बांधाकडे चालत गेले. रिमोट त्यांनी आबांच्या हातात दिला.

"न्हाई सायेब, दातं जात्याल."

"जाऊ द्या," साडू म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

आबांनी मोटार उंचवट्याकडे नेलीच नाही. नांगर धरल्यासारखी एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत सरळ नेली, जीभ टाळ्याला लावून टकटक केली, वळवली आणि परत आणली. इतकी हळू, की क्लच घासून जळल्याचा वास यायला लागला. साडूंना तो माझ्याआधी आला असणार. ते हात मागे बांधून बघत राहिले. इंधन संपेपर्यंत आबांनी सगळं खाचर नांगरून काढलं. गिअरचा एक दाताही गेला नाही.

आता तिथे तंबू आहेत. आबा बाजाराला लोणावळ्यात आले की तुंगार्लीला येतात. साडू मोटार लाकडी ठोकळ्यावर ठेवतात, म्हणजे चाकं अधांतरी फिरतात आणि दात्यांवर भार येत नाही. रिमोट आबांकडे असतो. परवा मी गेलो तेव्हा अंगणात निळा धूर होता आणि दोघं शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसले होते.

"कुटवर आली, सायेब?" आबांनी विचारलं.

साडूंनी फिरत्या चाकांकडे नीट निरखून बघितलं. "बांध आलाय, आबा. वळवा," ते म्हणाले, आणि आबांनी मोटार वळवली.