खुर्च्या नसलेली सभा

आमच्या अध्यक्षीणबाईंना कुठल्याही सभेचं बोलावणं आलं, की त्या विषय विचारत नसत. "बसाले काय हाय तिथं?" एवढंच विचारत, आणि उत्तर ऐकून सभेचा निकाल आधीच सांगून टाकत.

दिग्रसकडच्या आमच्या गावात त्या पाणी समितीच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा सभा ग्रामपंचायतीत भरे. डोक्यावर पंखा, पुढ्यात चहा, खुर्च्यांवर आम्ही पुरुष मंडळी. समितीतल्या बाया दाराशी उभ्या. सासरे नाहीतर भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, समोर असताना सून खुर्चीवर बसणार कशी? उभ्याउभ्या सह्या करून त्या निघून जात. मोटरघराची चाबी समितीतल्याच नामदेवभाऊंच्या कमरेला. ते जेवून उठले की नळाला पाणी सुटे, भर दुपारी, बाया वावरात कापूस वेचत असताना. दिवस मावळला की त्याच बाया हंडे घेऊन विहिरीवर.

बाईंनी भाषण ठोकलं नाही. पुढची सभा शाळेत, पहिलीच्या वर्गात ठेवली. खाली सतरंजी, खुर्ची एकही नाही. नामदेवभाऊंनी गुडघ्यांचं गाऱ्हाणं मांडलं, तर म्हणाल्या, "भाऊ, पंगतीत तीनदा भात घेईस्तोवर नाई दुखत तुमचे गुडघे."

भाऊ बसले. मग बायाही पदर सावरून बसल्या आणि भाऊंच्या धाकट्या भावाची बायको, निर्मला, चक्क बोलू लागली. भासऱ्यांशी थेट बोलायचं नाही, म्हणून नजर बाईंकडे.

"बाई, भासऱ्यांले सांगा, दुपारचं पाणी काय ढोरं भरतीन?"

हातभर अंतरावरून भाऊ, तेही बाईंकडेच बघत, "तिले म्हणा, सकाळी सकाळी मोटर कोण लावीन?"

"सांगा त्यांले, चाबी मायाजवळ द्या."

बाई मधे बसून दोन्हीकडे गंभीरपणे माना डोलवत होत्या. विधानसभेतही अध्यक्षांमार्फत इतक्या शिस्तीत कुणी बोलत नसेल. शेवटी भाऊंनी कमरेची चाबी सोडून बाईंपुढे ठेवली. बाईंनी ती निर्मलाकडे सरकवली. दुसऱ्या दिवसापासून नळ सकाळी सहाला.

गेल्या वर्षी बाई कायमच्या लेकाकडे नागपूरला निघाल्या, तेही सकाळी सहाच्या पहिल्या एसटीनं. त्यांच्या पिशव्या घेऊन मी थांब्यावर. वाटलं होतं, निरोपाला निम्मं गाव लोटेल. पण गावातली एकही बाई फिरकली नाही. मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला.

गल्लीतून हंड्यांचा आवाज येत होता. बाईंनी तो नीट ऐकून घेतला.

"नळ सोडून मले पोचवाले कोणी आली असती," त्या म्हणाल्या, "तर मीच हाकललं असतं तिले."

आणि एसटी येताच खिडकीची जागा पटकावून बसल्या.