टाचणीताईने लॅपटॉप उसवला

टाचणीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शिवणकाम करणारी बाई, तोंडात कायम चार टाचण्या धरलेल्या आणि तशाच तोंडाने बोलायची हौस दांडगी. मग लोक दुसरं काय नाव ठेवणार? तिच्याकडे यायचे ते रेडिमेड कपडे ज्यांच्या अंगाला धड बसत नाहीत असे लोक. कुणाचा एक हात आखूड, कुणाचं आधी पोट आत यायचं आणि मग माणूस. ताई मापं घ्यायची, लॅपटॉपवर नमुना काढायची, तो कागदावर छापून कापडावर ठेवायची. नमुन्यांची एक कॉपी दुसरीकडे ठेवावी हे तिला ठाऊक होतं. ते काम ती रोज उद्या करणार होती!

तर एका सकाळी लॅपटॉपने मान टाकली. सुरू व्हायला एवढा वेळ की तेवढ्यात एक पायजमा शिवून व्हावा. फाईल उघडायला जावं तर पडदा जागच्या जागी गोठायचा, आणि आतून आवाज यायचा, टक्, टक्, टक्.

ताईचा नवरा बस चालवायचा. कुठलाही बिघाड आपण कानाने ओळखतो असा त्याचा दावा. फ्रिज असो, पंखा असो, नाहीतर सासूबाईंचा गुडघा असो, त्याचं निदान ठरलेलं. त्याने लॅपटॉपला कान लावला आणि गंभीरपणे सांगितलं, "बेअरिंग गेलंय."

"अहो, ही बस नाही!"

पण खोटं कशाला बोला, या खेपेला गडी बराच जवळ पोचला होता. ताईने डिस्कची तब्येत सांगणारा एक फुकटचा प्रोग्राम चालवला. त्याने स्पष्टच सांगितलं की हार्ड डिस्कवरच्या बऱ्याच जागा खराब झाल्यात आणि ती केव्हाही बंद पडेल. आणि त्या डिस्कवर तर पोस्टातल्या मुलीची पाठ होती.

ही मुलगी पोस्टाच्या खिडकीत बसायची. तिची पाठ जन्मापासून एका बाजूला वाकलेली. लग्न ठरलं तशी ती ड्रेस शिवायला आली. पहिल्यांदा आली ती नुसता चहा पिऊन गेली. दुसऱ्यांदा अंगातला कोटच काढेना. तिसऱ्या खेपेला काढला, पण ताई पाठीचं माप घेत होती तोवर बिचारी डोळे घट्ट मिटून उभी होती. "मागचा गळा अगदी बंद हवा," ती म्हणाली, "आणि मावशी, हे एकदाच हं. पुन्हा नाही उभी राहणार मी." ताईने तिला शब्द दिला होता. आता पुढचा भाग छापून झालेला, आणि पाठीचा तेवढा त्या टकटकणाऱ्या डब्यात अडकलेला. पोरीला पुन्हा उभं करायचं कुठल्या तोंडाने?

दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाने मान वर न करताच सांगितलं, "ठेवून जा. दहाबारा दिवस लागतील. आतल्या फाईलींची जबाबदारी आमची नाही." लग्न त्याच्या आतच होतं. ताईने लॅपटॉप पिशवीत घातला, दुसऱ्या दुकानातून नवी ड्राइव्ह आणि ती बाहेरून जोडायची वायर घेतली, आणि तरातरा घरी आली.

"तू उघडणार? तुला जमेल?" नवऱ्याने विचारलं.

"अस्तराचा कोट उसवून पुन्हा शिवते मी. हा डबा काय घेऊन बसलात!"

उसवायच्या आधी जुनीवरचं सगळं नवीवर उतरवायला हवं होतं. पाठीची फाईल आधी वेगळी काढून पाहिली, तर ती अर्ध्यातच अडकली. मग सबंध डिस्कच उतरवायला घेतली. कोणती जुनी आणि कोणती नवी, हे तिने बोट ठेवून ठेवून तपासलं. उलटं झालं असतं तर कोरी ड्राइव्ह जुनीवर उतरली असती आणि सगळंच पुसलं गेलं असतं. सबंध रविवार ते चाललं. नवरा मोजे घालून मांजराच्या पावलांनी फिरत होता. शेजारणीने दार आपटलं तर तिलाच दटावून आला. संध्याकाळी प्रोग्राम म्हणाला, काम झालं, पण काही तुकडे वाचता आले नाहीत. कोणते तुकडे, ते काही सांगेना!

आता उसवायची वेळ. ताईने लॅपटॉप नमुन्याच्या कागदावर ठेवला, खडूने भोवती रेघ मारली आणि चार्जरच्या बाजूला खूण केली. मग तो उपडा केला, आणि जो स्क्रू जिथून निघाला तो कागदावर तिथेच चिकटवला. झाकण काढलं, बॅटरीची वायर सोडवली, जुनी ड्राइव्ह सरकवून काढली, नवी बसवली, वायर परत लावली. सगळं कसं झोकात! मग चार्जरच्या खुणेला चार्जरची बाजू जुळवून ती एकेक स्क्रू घालू लागली. चौथा स्क्रू अर्ध्यावर अडला. कापड ताणलं जातंय असं हाताला लागलं की थांबायचं, ही तिची जुनी सवय. ती थांबली, लॅपटॉप उचलून पाहिला, आणि कपाळावर हात मारला. खूण केली तेव्हा लॅपटॉप सुलटा होता, स्क्रू काढले तेव्हा उपडा! खूण जुळवायच्या नादात कागद अख्खा फिरला होता, आणि मागचे लांब स्क्रू पुढच्या आखूड भोकांत चालले होते.

"सुलट-उलट बघून मग कापा, असं आयुष्यभर लोकांना शिकवलंस," नवरा हसून हसून बेजार झाला, "आणि स्वतः दोन्ही बाह्या डाव्या लावल्यास!"

"हसू नका, स्क्रू धरा," ती म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना. दोघांनी सगळे स्क्रू काढून पुन्हा नीट घातले.

बटण दाबलं. नवऱ्याने कान लावला आणि त्याचा चेहरा उतरला. "अगं, आवाजच नाही. मेला हा."

"अहो, या नव्या ड्राइव्हमध्ये फिरणारं काही नसतंच!" ताई ओरडली, कारण पडदा केव्हाच उजळला होता. तिने पाठीची फाईल दाबली. एक क्षण काहीच नाही. आणि मग आली! एका बाजूला झुकलेली ती सबंध रेघ, मानेपासून कंबरेपर्यंत, कुठेही न तुटलेली. ताईने नवऱ्याला खुर्चीवरून ओढून उठवलं आणि दोघं स्वयंपाकघरभर गरगर फिरले.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली, तर ताईने छापलेली पाठ झेंड्यासारखी वर धरली. "सगळं आहे. तुला पुन्हा उभं राहायला नको."

"अगं बाई," मुलगी ओशाळली. "मावशी, ते नाही बसायचं आता. आम्ही दोघं रोज नाचाचा सराव करतोय ना, अंग पार बदललंय." आणि बोलता बोलता तिने कोट काढून खुर्चीवर टाकलासुद्धा, पाठ केली, केस वर धरले. "पुन्हा घ्या ना माप. आणि मागचा गळा खोल ठेवा."

"खोल म्हणजे केवढा?"

"तो म्हणतो, नाचताना त्याचा हात माझ्या पाठीवर असतो, तेव्हा त्याला फार बरं वाटतं," ती लाजून म्हणाली. "मलाही वाटतं. चांगला खोल ठेवा."

एवढ्या खटाटोपाने वाचवलेलं माप जागच्या जागी बाद झालं, आणि ताईला मात्र आनंद कुठे ठेवू असं झालं. तिने डोळे पुसले आणि टेप मुलीच्या मानेला लावला.