पिवळा बिल्ला

चार जुनी माणसं जमली की किस्से आपोआप निघतात, आणि आमच्या मिलच्या कॉम्प्युटर रूमचे तर संपतच नाहीत! परवा युनिक्सवर काम करणारा माझा भाचा मला शिकवत होता. “मावशी, आमच्याकडं खास ग्रुप असतात. मशीनचा सगळा ताबा एकाच ग्रुपकडं, दुसऱ्यानं फक्त टेपवर कॉपी काढायची...” मी म्हटलं, “गप रे! हे आम्ही सत्तरच्या दशकात सोलापुरात बिल्ल्यांवर चालवलंय!”

मी तिथं पंचिंगला होते. कार्डांना भोकं पाडायची. आमचे इनचार्ज शेटेसाहेब. त्यांनी तीन बिल्ले केले होते. लाल म्हणजे सगळं करा, पुसासुद्धा. हिरवा म्हणजे टेप चढवा, कॉपी काढा, छापा. पिवळा म्हणजे नुसतं बघा, हात लावायचा नाही.

पहिल्याच दिवशी मिलच्या मॅनेजरना पिवळा मिळाला. साहेब भडकले. “अहो, मिल माझ्या हाताखाली आहे!”

शेटेसाहेब शांतपणे म्हणाले, “म्हणूनच. मिल चालवणाऱ्यानं मशीन बिघडवलं तर रागवायचं कुणी?”

आणि गंमत बघा, शेटेसाहेब स्वतः रोज हिरवाच लावायचे! लाल ड्रॉवरमध्ये. मी विचारलं तर म्हणाले, “लाल अंगावर असला की हात शिवशिवतात, बाई. चूक माझ्याही हातून होणार. ती लहान व्हावी एवढंच.” मला माणूस फार आवडला त्या दिवशी.

आता एसी. अख्ख्या मिलमध्ये एसी फक्त आमच्या रूमला, मशीनसाठी. सोलापूरचा मे महिना तुम्हाला काय सांगायचा! एप्रिल लागला की सगळ्या खात्यांना कॉम्प्युटर शिकायची आवड जडायची आणि पिवळ्या बिल्ल्यासाठी अर्ज यायचे. मृग लागला की आवड जिरायची!

खरा किस्सा आमच्या सिद्रामचा. हिरव्या बिल्ल्याचा ऑपरेटर, हुशार, कामाला वाघ. पण लग्न जमेना! “पोरगा सूत काढत न्हाय, कापड विणत न्हाय, मग मिलमध्ये करतोय काय?” म्हणून दोन स्थळं परत गेली होती. तिसरी अक्कलकोटकडची गिरिजा. ती त्याला मनापासून आवडली होती. तिच्या वडिलांची एकच अट, “मशीन बघतो, मग सुपारी फोडू.”

मामा, म्हणजे गिरिजाचे वडील, आले, पण न कळवता. त्या दिवशी शेटेसाहेब बार्शीला गेलेले. बिल्ला देणार कोण? सिद्राम दारात आडवा उभा राहिला. घामानं नुसता निथळत होता. “मामा, बिल्ल्याबिगर आत सोडता येत न्हाय.”

“येन्री, काय हो हे! पोरगी द्यायलोय तुमाला, आन मशीन दावंना व्हय?”

मामा आल्या पावली बस धरून परत. सिद्राम दोन दिवस जेवला नाही. आम्ही सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या. एवढा कसला नियम!

आठवड्यानं मामांचा निरोप आला. “सासऱ्याला आडवतोय म्हंजे पोरगं लई इमानी हाय. तारीख काडा!”

लग्नाला आम्ही झाडून सगळे गेलो. बघतो तर मामा स्वयंपाकाच्या मांडवापाशी रंगीत फितींचे बिल्ले घेऊन उभे! रंगांचे अर्थ त्यांनी सिद्रामकडून नीट समजून घेतले होते. हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, वास काढत मॅनेजरसाहेब आत शिरायला गेले, तर मामांनी त्यांना हिरवा टोचला. “साहेब, हिरवा म्हंजे कामाचा गट. घ्या बादली, वाढा!” आणि साहेबांनी खरंच पंगत वाढली!

पाठवणीच्या वेळी मामांनी खिशातून शेवटचे दोन बिल्ले काढले. डोळे पुसत पुसत लाल गिरिजाच्या पदराला लावला. मग पिवळा सिद्रामच्या कोटाला.

सिद्रामनं केविलवाण्या तोंडानं शेटेसाहेबांकडं बघितलं.

साहेब म्हणाले, “माझ्याकडं काय बघतोस? घरी मलाही पिवळाच आहे!”